मौनी जावयाचा धोंडा

देवळी, ४ मे १९८०

सौ. मीरा हीस,

तुझं कार्ड काल शाळेच्या पत्त्यावर आलं. सुट्टी लागली असली तरी निकालाच्या कामासाठी आम्ही सगळे मास्तर तिथे होतोच. पोस्टमननं कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "जाऊन या, सर." म्हणजे त्यानं ते वाचलं होतं. संध्याकाळपर्यंत हेडमास्तरही "जाऊनच या" म्हणाले. यापुढे 'या वेळी पळालात तर मी देवळीला परत येणार नाही' असं काही लिहायचं असेल, तर कृपा करून बंद पाकिटात लिही.

आता मुद्द्याचं. अधिक महिना लागतो आहे, जावयाला बोलावून धोंडा जेवू घालायचा असतो आणि लग्नानंतरचा आपला हा पहिलाच धोंडा आहे, हे मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की जेवायला एक दिवस पुरतो. तू लिहितेस की भावकीतल्या सगळ्या घरांनी बोलावलं आहे आणि दोन आठवडे तरी राहावं लागेल. मीरा, दोन आठवडे सलग तर मी माझ्या आईशीही बोललेलो नाही.

मला माणसं आवडत नाहीत असं तू समजतेस. ते चूक आहे. मला माणसं एकेकटी आवडतात, तुमच्याकडे ती घाऊक मिळतात. तुझे हरिकाका दर वेळी विचारतात, "साठ पोरायपुढं बोलता, न् आमच्यापुढं तोंडाले कुलूप काऊन?" त्यांना मी कधी उत्तर दिलं नाही, तुला देतो. वर्गात मला कोणी आग्रह करत नाही. गोड बातमी केव्हा, असं विचारायची तिथे परवानगी नाही. आणि मुख्य म्हणजे पस्तीस मिनिटांनी घंटा होते. तुमच्या बैठकीत तास उजाडताच सुरू होतो, आणि घंटा लावायचं अजून कोणाला सुचलेलं नाही.

दिवाळीचं मी नाकारत नाही. न सांगता पहाटेच्या बसनं निघून आलो. पण तुम्ही मला विहिरीत गळ टाकून शोधाल, हे मला कसं ठाऊक असणार? गळाला हरिकाकांची कधीची पडलेली बादली लागली, आणि तेव्हापासून "जवाई धुंडाले गेले न् बालटी सापडली" अशी गावात म्हणच झाली. तुझ्या बाबांना, मामाजींना, चावडीपासून पिठाच्या चक्कीपर्यंत 'वासुदेवरावाचा पळपुटा जवाई' ऐकावं लागतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तेव्हा एक सुचवतो. अनारसे पार्सलनं चांगले येतात.

तुझा,
श्रीधर


देवळी, १६ मे १९८०

सौ. मीरा हीस,

पाकिटाची सूचना तू मानलीस. पार्सलची मानली नाहीस.

तुझं पत्र चार पानी आहे आणि त्यातली साडेतीन मला पाठ होती. राहिलेलं अर्धं पान नवीन होतं. तू लिहितेस, 'माणसांपासून पळता ते एक वेळ समजते. पण घरी तरी कोणापासून पळता? संध्याकाळी पेपर उघडता, रात्री मिटता. मी दिवसभर भिंतीशी बोलते. आमच्या घरी म्हशीशीसुद्धा याहून जास्त बोलतात.'

म्हशीचं वाक्य मी दोनदा वाचलं. मग पेपर उघडला, आणि आपण काय करतो आहोत हे लक्षात येऊन मिटला.

तुला एक सांगायचा प्रयत्न करतो. शाळेतून येईपर्यंत माझं दिवसाचं बोलणं संपलेलं असतं. हंड्यातलं पाणी दुपारीच संपावं आणि घरच्या माणसाला संध्याकाळी नुसता खडखडाट ऐकू यावा, तसं होतं. ते तुझ्यावर रागावून नसतं. हे मी तुला देवळीतल्या घरात कधी सांगितलं नाही, कारण सांगायला बोलावं लागलं असतं.

येतो. पुढच्या रविवारच्या, पंचवीस तारखेच्या बसनं येतो. पळणार नाही असं लिहून देत नाही, पण पिशवी मोठी आणतो आहे, यावरून काय ते समज.

श्रीधर


अल्लीपूर, बैठकीची खोली, २६ मे

सौ. मीरा हीस,

आता आपल्या दोघांमध्ये एक माजघर एवढंच अंतर आहे, पण देवळीहून बोलणं सोपं होतं. मी आल्यापासून तू मला दोनदा दिसलीस. एकदा पाण्याचा तांब्या देताना, आणि एकदा नुसता पदर. बाया आत, पुरुष बाहेर, आणि जावई सगळ्यांच्या मधोमध गादीवर. हे पत्र धुवायच्या सदऱ्याच्या खिशात ठेवतो आहे. कालच्या सदऱ्यातही एक होतं. ते तू खिसा न पाहता भिजवलंस. त्याचा लगदा तारेवर वाळताना मी पाहिला.

त्यात लिहिलं होतं ते थोडक्यात पुन्हा लिहितो. तुमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस तीन प्रश्न विचारतो. "कवा आले?" याचं उत्तर येतं. "काय म्हनते देवळी?" याचंही, ओढूनताणून, येतं. मग तो पान लावतो, मांडी बदलतो आणि म्हणतो, "अजून काय?" मीरा, 'अजून काय' याला उत्तर नाही. मी काल सकाळपासून शोधतो आहे. मी गप्प बसलो की तो मामाजींकडे बघतो, मामाजी माझ्याकडे बघतात आणि मी वाळ्याच्या पडद्याकडे बघतो. तेवढ्यात दुसरा येतो आणि विचारतो, "कवा आले?"

दुपारपर्यंत कानशिलं ठणकायला लागली. मोकळी हवा मिळावी म्हणून मी टमरेल घेऊन वावराकडे जाऊन आलो. थोड्या वेळानं पुन्हा गेलो. चौथ्यांदा परत आलो तेव्हा तुझ्या आईनं, मामींनी, आतून ओवा आणि काळं मीठ पाठवलं होतं. पाचव्यांदा निघालो तर हरिकाका उठले. "येकटे नोका जाऊ, जवाईबापू. चक्कर आली तं?" म्हणाले, आणि बांधापर्यंत सोबत आले. तिथे उभं राहून त्यांनी मला त्यांच्या पोटाचा सगळा इतिहास सांगितला.

मला इथे एखादा दरवाजा हवा आहे. भिंत नको, नुसता दरवाजा, अधूनमधून लावून घेण्यापुरता.

श्रीधर


अल्लीपूर, बैठकीची खोली, २८ मे

मीरा,

तुझी चिठ्ठी घडी केलेल्या सदऱ्यात मिळाली. 'घंटा नाही म्हणता ना, मग मी वाजवते. अधिक महिन्याचा जप धरला आहे असं आईला सांगून ठेवलं. देवघरात घंटा वाजली की उठायचं. आणि स्वतः बोलू नका, लोकांना बोलतं करा. हरिकाकांना शंकरपट विचारा.' इतकी वर्षं मी शाळेत शिकवतो, पण वेळापत्रक तू बनवायला हवं होतंस.

काल पहिला प्रयोग झाला. हरिकाका येऊन बसले, तीन प्रश्न झाले, आणि 'अजून काय' आल्यावर मी म्हटलं, "काका, तुमच्या बैलजोडीनं शंकरपटाच्या शर्यतीत पहिला नंबर मारला होता म्हणतात?" बस. काका उठून उभेच राहिले. उशी डावा बैल झाली, तक्क्या उजवा बैल झाला, आणि मामाजींची काठी हातात घेऊन काका बैठकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धुरकरी होऊन जोडी हाकत धावले. मला फक्त "मग?" एवढं अधूनमधून म्हणायचं होतं. जाताना काका मामाजींना म्हणाले, "वासुदेव, तुहा जवाई लय बोलका हाये बे. मी उगाच नावं ठेवून राह्यलो होतो."

मग तुझी घंटा वाजली. "जपाची वेळ झाली," म्हणून मी उठलो, आणि कोणी अडवलं नाही. उलट दोघांनी पाय आखडून वाट दिली. देवघरात डोळे मिटून भिंतीला टेकलो. समईचा वास, गार शेणाचं सारवण, आणि कोणीही काहीही विचारत नव्हतं. थोड्या वेळानं परत बाहेर गेलो तर माणसं पुन्हा माणसांसारखी दिसायला लागली होती. खरं सांगतो, बैल उधळून कांद्याच्या वाफ्यात शिरल्याचा भाग काकांनी संध्याकाळी दुसऱ्यांदा सांगितला, तेव्हा मी मनापासून हसलो.

अजून एक. देवघराची भिंत स्वयंपाकघराला लागून आहे. तुझं बोलणं ऐकू येतं. तू मामींना कोणाची तरी नक्कल करून दाखवत होतीस आणि दोघी हसत होतात. देवळीत तू इतकी हसत नाहीस. जप करायचा सोडून मी तेच ऐकत बसलो.

श्रीधर


अल्लीपूर, ३१ मे

मीरा,

घात झाला. तू काल घरी अनारसे तळत होतीस म्हणून हरिकाकांच्या पंगतीत काय झालं ते तुला कळलेलं नाही. माझं पोट जड का आहे, हेही त्यातच आलं.

पंगत बसली. हरिकाकांची सून देवकाबाई वाढत होती. मी नेहमीसारखा खाली मान घालून जेवत होतो. तिनं पोळी वाढता वाढता सगळ्यांसमोर विचारलं, "जवाईबापू काई बोलत नाई. सैपाक बिघडला काजी?" सगळी पंगत थांबली. मला "छान झाला आहे" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण इतकी माणसं एकदम बघायला लागली की ते शब्द मला शाळेच्या फळ्यावर लिहिलेले दिसतात, तोंडात येत नाहीत. मामींना माझी लाज सहन झाली नाही. दारातून त्या म्हणाल्या, "बिघडीन कायले? मौन धरलं हाये त्यायनं. अधिक महिन्याचं मौन भोजन."

अख्ख्या पंगतीनं हात जोडले. मीरा, त्या क्षणी मला मामींच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. न बोलण्याला धर्माची परवानगी आहे, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या सगळ्या जेवणांचा प्रश्न एका वाक्यात सुटला, असं मला वाटलं.

तेवढ्यात देवकाबाईनं आमरस वाढायला घेतला. वाटी भरली. मी संपवली. तिनं पुन्हा भरली. आता आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. खाणाऱ्यानं "पुरे" म्हटल्याशिवाय वाढणाऱ्यानं थांबायचं नाही, आणि "पुरे" म्हटल्यावरही दोनदा वाढायचं. आणि मला "पुरे" म्हणता येत नव्हतं. मी मानेनं नाही अशी खूण केली, तर म्हणाली, "खून नाई करा लागत, बापू. मौनात खून केली का पुन्य जाते." मी वाटीवर हात आडवा धरला. तिनं रस हातावर ओतला. शेवटी पानात टाकायचं नाही म्हणून मी खात गेलो, आणि रिकामी वाटी दिसते म्हणून ती वाढत गेली. सरगुंडे, कुरडया, पुरणपोळी, पुन्हा रस. शेजारी बसलेले मामाजी कौतुकानं बघत होते. सगळी पंगत उठली तरी मी जेवतच होतो.

तिचं पातेलं रिकामं झालं तेव्हाच ते थांबलं. बाहेर येऊन देवकाबाई शेजारणीला सांगत होती, "असा जेवनारा जवाई पाह्यला नाई. लाजत नाई का काई नाई." आज सकाळपर्यंत तीन घरांनी जादा आंबे उतरवले आहेत.

मामींना काही सांगू नकोस. त्यांनी माझ्यासाठीच केलं. जिऱ्याचं पाणी मात्र बैठकीत पाठव.

श्रीधर


अल्लीपूर, ४ जून

मीरा,

जेवणापुरतं मौन आता दिवसभराचं झालं आहे. ते मी वाढवलं नाही. गावानं वाढवलं, मी फक्त अडवलं नाही. मला वाटलं, बोलायचं नाही म्हणजे लोक येणार नाहीत. इथेच मी चुकलो.

बोलणाऱ्या जावयाकडे लोक गप्पा मारायला येत होते. न बोलणाऱ्याकडे ते मन मोकळं करायला येतात. गप्पा संपतात, मन संपत नाही. काल सकाळी एक गृहस्थ भावाच्या वाटणीचं सांगून रडले. त्यांच्यामागून एक आजी आल्या, त्यांनी सुनेचं सांगितलं. थोड्या वेळानं ती सून आली. मला शंकरपट विचारायचीही सोय राहिली नाही. तुझी घंटा वाजली आणि मी देवघरात गेलो, तर तिथेही चार जण मागे येऊन बसले. 'मौनी बाबाचा जप' बघायला.

त्यात बंडूजीचं प्रकरण झालं. तुमच्या शेजारचे बंडूजी बैल विकू का नको, असं विचारत समोर बसले होते. आत कोणीतरी मिरचीची फोडणी दिली आणि मला शिंक आली. बंडूजी उठून उभे राहिले. "जवाईबापूनं नाई म्हटलं," म्हणाले, आणि बैल विकला नाही. दुसऱ्या दिवशी घेणाऱ्याचा दुसरा बैल दगावला म्हणून तो धावत येऊन जास्त भाव देऊन गेला. आता लोक मिरची घेऊन येतात, असं मामाजी हसत हसत म्हणाले. मला ते खरं वाटतं.

मीरा, मला हे झेपत नाही. काल संध्याकाळी एक जण बोलत होता आणि मला त्याचा एकही शब्द ऐकू येत नव्हता, नुसती मिशी हलताना दिसत होती. मी कोणावर चिडलेलो नाही. सगळी चांगली माणसं आहेत, आणि हेच अवघड आहे. वाईट असती तर उठून जाता आलं असतं.

मी पिशवी भरली आहे. उद्या पहाटेची बस आहे. तू काय म्हणाली होतीस ते लक्षात आहे. तुला न सांगता जायचं नाही एवढं या वेळी पाळतो आहे.

श्रीधर


अल्लीपूर, ५ जून

मीरा,

मी अजून इथेच आहे. कालच्या पत्राखाली तू पेन्सिलनं लिहिलेलं मी वाचलं: 'जा. अडवत नाही. बाबांना मीच सांगते. पण मी मागून येणार नाही, हे खरं आहे.' ते वाचूनही मी पहाटे उठलो, पिशवी घेतली आणि परसदारानं निघालो. थांबलो तो कशामुळे, ते तुला सांगायलाच हवं.

विहिरीच्या काठावर मामाजी बसले होते. मांडीवर गळ. चिंचेनं घासून घासून त्याचे आकडे लखलखीत केले होते. मला पाहिलं, माझ्या पिशवीला पाहिलं, आणि खाली बघत म्हणाले, "काई नाई. म्हटलं, हाताशी असावा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवाळीला गाव हसलं ते मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी या माणसानं आपल्या हातानं गळ खाली सोडला होता आणि काय वर येईल म्हणून दोर ओढला होता, याचा मी कधी विचारच केला नव्हता. गावाला बादलीचं हसू आलं. मामाजींना ती बादली दिसेपर्यंत काय झालं असेल.

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसलो. मौन असल्यामुळे मला बोलता येत नव्हतं, आणि मौन नसतं तरी आलं नसतं. आणि मीरा, तुझे बाबा, जे रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी बैलगाडीलाही "कोन्या गावचे?" विचारतात, ते एक शब्द बोलले नाहीत. उन्हं डोक्यावर येईपर्यंत आम्ही दोघे नुसते बसून होतो. मध्ये त्यांनी तंबाखू मळली. एकदा बंडूजी बांधावरून येताना दिसले, तर मामाजींनी हात हलवून त्यांना परस्पर परत पाठवलं. त्यांना गप्प बसायला किती कष्ट पडत होते, ते त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघून कळत होतं. तो सारखा हलत होता.

दुपारची बसही गेल्याचा आवाज आला. मग मामाजी उठले, माझी पिशवी त्यांनीच उचलली आणि आम्ही घरी आलो.

श्रीधर


अल्लीपूर, ११ जून, दुपार

मीरा,

काल आपल्या घरच्या मोठ्या पंगतीत मी काय बोललो, हे आतापर्यंत तुला सहा जणींनी सहा प्रकारे सांगितलं असेल. तू चुलीपाशी होतीस. म्हणून खरं ते लिहितो.

मौनाचं उद्यापन होतं. अख्खी भावकी बसली होती. हरिकाकांनी मोठ्यानं जाहीर केलं, "आता बोला, जवाईबापू. येवढ्या दिवसाचं साचलं असंन. पयला शबुद आमच्यापुढं निंगू द्या." सगळे हात थांबले. कोणीतरी पोराला "गप बस" म्हणून चापट मारली. आणि नेमकी त्याच वेळी देवकाबाई रसाचं पातेलं घेऊन माझ्यापुढे वाकली.

मी म्हणालो, "पुरे."

मला गंमत करायची नव्हती. अकरा दिवसांपासून तो शब्द घशाशी अडकला होता, तो बाहेर पडला. पंगत इतकी हसली की देवकाबाईला पातेलं खाली ठेवावं लागलं. त्यांचं हसणं मला लागलं नाही. मीही हसलो. आणि हसू ओसरायच्या आत बोललो नाही तर जन्मात बोलणार नाही, हे कळून मी मामाजींकडे वळलो. इतरांकडे पाहिलं असतं तर फळा दिसला असता, म्हणून फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मामाजी, व्रत वगैरे काही नव्हतं. मला जास्त वेळ माणसांत बसवत नाही. थोडा वेळ बसतो, मग एखादा तास एकट्याला झाडाखाली बसायला लागतं, मग पुन्हा बसता येतं. दिवाळीला मी तुमच्यावर रागावून गेलो नव्हतो. मला सांगता आलं नाही म्हणून गेलो. तुम्हाला विहिरीत गळ टाकावा लागला, त्याची माफी मागतो."

मामींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता व्रत खोटं निघालं म्हणून गाव उठून जाईल. मामाजी पानात भात कालवत राहिले. मग म्हणाले, "येवढंच होतं तं सांगाचं ना, बापू. मागच्या वावरात आंब्याचे सा झाडं हायेत." आणि सगळ्या पंगतीकडे वळून म्हणाले, "औताच्या बैलालेही आपन दुपारी सोडतो. मंग जवायाले काऊन सांजलोक जुपून ठेवलं?"

त्यावर हरिकाका म्हणाले, "आमाले कोनं सांगतलं होतं? मी तं त्यायच्यासंगं बांधालोक गेलतो, चक्कर येईन म्हनून." बंडूजी म्हणाले, "व्रत खोटं असंन, पन शिंक खरी होती."

मौनाच्या उद्यापनाला घंटेचं दान करतात म्हणून मामाजींनी हिंगणघाटहून पितळेची घंटा आणून ठेवली होती. ती देवळात जायची होती. जेवणं झाल्यावर त्यांनी ती बैठकीच्या दारात, माझ्या गादीवरून हात पुरेल अशी टांगली. "देवळात हाये येक. हे घरची," म्हणाले. "जीव कटाळला का वाजवजा, न् निंगजा आंब्याखाली. कोनी आडवा आला तं मी हावो." आज सकाळी मी ती एकदा वाजवली. हरिकाकांनी बैल अर्ध्या शर्यतीत उभे केले आणि म्हणाले, "जा जा, मी थांबतो."

हे झालं गावाचं. आता तुझं, आणि ते मला पंगतीत बोलता आलं नसतं.

तू लिहिलं होतंस, घरी तरी कोणापासून पळता? त्याचं उत्तर मला देवघराच्या भिंतीला टेकून सापडलं. तिथे बसलो की गर्दी उतरायची, आणि ती शांततेमुळे उतरते असं मला वाटायचं. पण तिथे शांतता कुठे होती? भिंतीपलीकडे तू अखंड बोलत होतीस. परवा तू सरगुंड्याची नळी केवढी असावी यावरून मामींशी भांडत होतीस, तेही मी पूर्ण ऐकलं. माणसांतून उठून मी जातो तो तुझ्याजवळ यायला, मीरा. देवळीत एवढंच चुकत होतं की तुझ्याजवळ येऊन मी मध्ये पेपर धरत होतो.

मला एकदम बदलता येणार नाही. शाळेतून आल्यावर मला थोडा वेळ लागेल. तुमच्या देवघरासारखी एक घंटा आपण तिकडेही लावू. ती तू वाजवायचीस. वाजली की मी पेपर खाली ठेवीन आणि तू बोलशील, आणि मी नुसतं "मग?" म्हणणार नाही, हे कबूल. पत्रांत मी किती बोलतो ते तू पाहिलंस. ते सगळं कुठेतरी असतंच, फक्त त्याला वेळ लागतो.

साडेचारची बस आहे. मी मागच्या आंब्याखाली बसलो आहे, हे पत्र एका पोराच्या हाती पाठवतो. तू येणार असशील तर बैठकीतली घंटा एकदा वाजव. नसशील, तर वाजवू नकोस, मी समजेन, आणि या वेळी सगळ्यांचा निरोप घेऊन, पुढच्या दारानं जाईन.

श्रीधर


त्याच दिवशी, थोड्या वेळानं, आंब्याखालून

मीरा,

ऐकली. एकदा म्हटलं होतं. तू अजून वाजवतेच आहेस.

इथून मला विहीर दिसते. घंटा थांबेना म्हणून जवाई पुन्हा पळाला असं गावानं धरलं आहे. आळीतली निम्मी माणसं काठावर जमली आहेत, अजून येत आहेत, आणि हरिकाका धावत गळ घेऊन आले आहेत. बंडूजी आत डोकावून मला हाका मारत आहेत. मामाजी बसस्टॉपवर गेलेले दिसतात. देवकाबाई रडते आहे.

दोर खाली जायच्या आत मला तिथे जायला हवं. एवढ्या माणसांच्या मधोमध जाऊन "मी इथे आहे" असं म्हणावं लागेल, आणि ते म्हटल्यावर ते विचारतील, "मंग, अजून काय?" या खेपेला मला उत्तर येतं. माझी बायको माझ्याबरोबर देवळीला येते आहे, हे सांगीन.

ही चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवत नाही, हातात घेऊन येतो. तू घंटा सोड आणि चहाचं मोठं आधण ठेव. साडेचारची गेली तर सहाची आहे.

श्रीधर